कोपऱ्याची गोलाई

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात माझ्यावर एक संक्रांत येते. पंचांगात तिची नोंद नसते. पण दसऱ्याचे सोने वाटून झाले, की दुसऱ्या दिवशी सकाळी ही पदर खोचून बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या कपाटापुढे उभी राहते आणि विचारते, "यंदा तरी ही रद्दी निघायचीय का?"

रद्दी म्हणजे माझी पुस्तके. सगळीच नव्हेत. ज्ञानेश्वरीला ती रद्दी म्हणत नाही, कादंबऱ्यांना म्हणत नाही, आणि 'रुचिरा'ची तर पाने सुटली तरी तिला देव्हाऱ्यातल्या पोथीचा मान आहे. ज्या पुस्तकात देव नाही, गोष्ट नाही आणि पाककृतीही नाही ते रद्दी, अशी तिची सुटसुटीत व्याख्या आहे. या व्याख्येत माझी यंत्रशास्त्राची पुस्तके नेमकी बसतात. त्यातून ही जात वजनदार. आमचा रद्दीवाला वीस वर्षे या कपाटाकडे आशेने पाहत आला आहे.

मी आयुष्यभर ड्रॉइंग-ऑफिसात बसलो. 1971 साली इंजिनिअर झालो आणि चिंचवडच्या बाजूला एका कारखान्यात लागलो; निवृत्त झालो तोही टेबलापुढूनच. सदऱ्याच्या खिशात अजून सहा इंची पोलादी पट्टी असते. तिच्यावरूनही ही मला बोलते, पण ते असो. पहिल्या पगारातून आईला लुगडे घेतले आणि उरलेल्या पैशांत अप्पा बळवंत चौकातून तिमोशेंकोच्या 'स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स'चा दुसरा भाग आणला, तोही कुणीतरी वापरून विकलेला. हा तिमोशेंको 1878 साली आजच्या युक्रेनमध्ये जन्मला, राज्यक्रांतीनंतर देश सोडून 1922 मध्ये अमेरिकेला पोचला, तिथे आधी कारखान्यात आणि मग विद्यापीठात राहिला, आणि तुळई कशी वाकते हे त्याने साऱ्या जगाला शिकवले. आमच्या वर्गातल्या एकानेही त्याला पाहिले नव्हते. पण परीक्षेच्या आदल्या रात्री त्याचे नाव मारुतीच्या खालोखाल घेतले जाई.

त्या काळी कोरे परदेशी पुस्तक घेणे आमच्या आवाक्यातले नव्हते. ब्रिटिश सरकारच्या मदतीने निघणाऱ्या स्वस्त विद्यार्थी-आवृत्त्या तरी घ्यायच्या, नाहीतर मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची जाडजूड पुस्तके. ती इतकी स्वस्त असत की यांचे कागदाचे तरी पैसे सुटतात का, अशी शंका येई. 'मशिनरीज हँडबुक' मात्र मी पुढे पगार वाढल्यावर घेतले. 1914 साली पहिल्यांदा निघालेले हे पुस्तक अजून नव्या नव्या आवृत्त्यांनी निघतेच आहे. हत्यारांच्या पेटीतल्या खणात मावावे एवढा त्याचा आकार, आणि आत आटे, दाते, ड्रिल यांचे आकडेच आकडे. आमचे फोरमन त्याला 'पोथी' म्हणत, आणि हात पुसल्याशिवाय उघडत नसत.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत या रद्दीत भर पडली. नात बंगळूरला विमानांचे भाग करणाऱ्या एका कंपनीत आहे. शिकली मेकॅनिकल, मग विमानविद्या. जाताना फराळाचे डबे नेता यावेत म्हणून बॅग रिकामी घेऊन ये, असे आजीने चारदा बजावले होते. पण बया आली ती बॅग पुस्तकांनी भरून. "आजोबा, तुम्हाला दाखवायला आणलीत," असे म्हणून तिने ती पलंगावर मांडली. आजीने कपाळाला हात लावला.

आता तुम्ही म्हणाल, यंत्रांची नवी पुस्तके पाहण्यात ते काय सुख? पण कादंबरी घेताना माणूस पहिले पान उघडतो, आम्ही शेवटली सूची उघडतो. एखादा शब्द मागच्या आवृत्तीत नव्हता आणि या आवृत्तीत आहे, एवढ्यावरून मधल्या वर्षांत जगात काय घडले ते कळते. 'फंडामेंटल्स ऑफ ॲस्ट्रोडायनॅमिक्स' हे अमेरिकेच्या हवाईदल-प्रबोधिनीतल्या मास्तरांनी 1971 साली लिहिलेले स्वस्त पुस्तक. उपग्रहाची कक्षा कशी काढावी ते त्यात शिकवले आहे. त्याची दुसरी आवृत्ती निघाली 2020 मध्ये! मधली जवळजवळ पन्नास वर्षे जगभरची मुले पहिल्याच आवृत्तीवर शिकली. ग्रह बिचारे केप्लरच्या काळापासून त्याच नियमांनी फिरतात, त्यांना नव्या आवृत्तीची घाई नसते. आपल्या पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांनी केलेला 'स्वयम्' हा जेमतेम किलोभराचा उपग्रह 22 जून 2016 रोजी पीएसएलव्हीबरोबर वर गेला. त्या दिवशी पेढे वाटावेत असे मला वाटले होते, आणि मी वाटलेही.

दुसरे एक पुस्तक ब्रंटन आणि कुट्झ या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या दोघांचे, पहिल्यांदा 2019 साली निघालेले. मोजमापांच्या ढिगाऱ्यातून संगणकानेच नियम कसे शोधून काढावेत, हा त्याचा विषय. मी त्याची वीस पाने वाचली आणि सातव्या पानापर्यंत समजली. या वयात तेवढे पुष्कळ झाले.

तिसरे अँडरसनचे 'इंट्रोडक्शन टू फ्लाइट'. हे 1978 पासून चालत आलेले, आणि मधून मधून इतिहास सांगणारे. ते चक्क हिने उचलले. गोष्ट सापडल्यामुळे ते रद्दीच्या व्याख्येतून सुटले असावे. दुपारी चकल्यांचे पीठ भिजवून ती राइट बंधूंच्या मागे लागली आणि संध्याकाळी मला म्हणाली, "म्हणजे पुस्तकातला आकडाच चुकला होता की हो!"

खरेच चुकला होता. वारा एखाद्या फळीवर किती जोराने दाबतो याचा एक आकडा जॉन स्मीटन या इंग्रज इंजिनिअरच्या 1759 सालच्या लेखनातून चालत आला होता. काहींनी त्याच्याबद्दल शंका घेतली, तरी छापील आकडा तो छापील आकडा. एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत राहिला. राइट बंधूंचे 1901 सालचे यान त्या हिशेबाने जितके उचलले जायला हवे तितके उचलले जाईना. तेव्हा त्या सायकलवाल्यांनी डेटनला एक लाकडी खोके केले, त्यात पंख्याने वारा सोडला आणि पंखांचे दोनशेच्या आसपास नमुने स्वतः तपासले. स्मीटनचा आकडा जवळजवळ दीडपट मोठा होता. पुस्तकावर विश्वास ठेवून चुकलेला माणूस मला समजतो. पुस्तक न उघडून चुकलेला माणूस मला त्याहून चांगला समजतो. कसा, ते आता सांगायला हवे.

धनत्रयोदशीच्या आधी दोन दिवस भाऊंचा फोन आला. भाऊ म्हणजे आमच्या कारखान्यातल्या फौंड्रीतले जुने हेल्पर. त्यांचे खरे नाव मी इथे घालत नाही. कारखान्यात सगळे त्यांना भाऊच म्हणत. राजगुरुनगरच्या पलीकडे त्यांचे गाव. गेली पंचेचाळीसहून अधिक वर्षे आमचा एक रिवाज आहे : एका पाडव्याला ते आमच्याकडे येतात, एका पाडव्याला आम्ही त्यांच्याकडे जातो. ते येतात ते थोडासा डावीकडे झुकत, उजवा पाय ओढत, आणि हातात आंबेमोहोराची पिशवी असते.

"साहेब, नातू डिप्लोमाला लागलाय. मेकॅनिकल," ते म्हणाले. "तुमच्याकडं जुनी पुस्तकं पडली असतील तर... नवी लई महाग हायती."

हिला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! रद्दीवाल्याला मिळणार नाहीत, पण कपाट तरी रिकामे होईल. मी आणि नात पुस्तके काढायला बसलो. काय द्यायचे आणि काय ठेवायचे, हे ठरवताना तिने मला चांगलेच फैलावर घेतले. पौंड-इंचांतली पुस्तके नकोत, मुलगा गोंधळेल. वाफेचे जुने तक्ते नकोत. "पाणी तेच आहे की गं," मी म्हटले. "पाणी तेच आहे आजोबा, पण पाण्याचे आकडे 1997 मध्ये नव्याने बसवलेत." स्लाइड-रूल कशी वापरावी याचे प्रकरण पाहून तर ती खो-खो हसली. तुळई, चाक, दाता आणि स्क्रू यांची प्रकरणे मात्र तिने बाजूला काढून ठेवली. ती शिळी होत नाहीत. 'थिअरी ऑफ विंग सेक्शन्स' हे 1949 सालचे पुस्तक तिच्या ऑफिसात अजून टेबलावर असते, असे ती म्हणाली.

तिमोशेंकोचा दुसरा भाग तिने हातात घेतला आणि त्यातून एक पिवळा पडलेला ट्रेसिंग पेपर खाली पडला.

त्यावर शाईने काढलेला एक आलेख होता. खालून वर, उजवीकडून डावीकडे चढत जाणाऱ्या रेघा. दोन ठिकाणी तांबड्या पेन्सिलीचे ठिपके. खाली माझ्या तेव्हाच्या नीटस अक्षरात : 'चार असती तर पावणेदोन. एक केली म्हणून सव्वादोनच्या वर. 19 ऑगस्ट 1975.'

"हे काय आहे?" नातीने विचारले.

हे मी तोवर कुणालाही सांगितले नव्हते, हिलासुद्धा नाही.

फौंड्रीत साच्यांची वाळू वर नेण्यासाठी एक उभी साखळी होती, तिला बादल्या लावलेल्या. वरच्या टोकाला एक आडवा शाफ्ट, त्यावर चाक, चाकावर साखळी. शाफ्टची जाडी एका ठिकाणी पंचाहत्तर मिलिमीटरवरून साठावर उतरत होती. त्या पायरीशी बेअरिंग टेकून बसायचे. अशा पायरीचा कोपरा काटकोनात कापत नाहीत, तिथे थोडी गोलाई ठेवतात. ती चार मिलिमीटर होती. 1975 च्या उन्हाळ्यात जुन्या जातीचे बेअरिंग मिळेना म्हणून दुसरे घेतले. त्याच्या काठाची गोलाई लहान, त्यामुळे ते शाफ्टच्या गोलाईवर अडे आणि पायरीला टेकेना. माझ्याकडे ड्रॉइंग आले. मी रबर घेतले, चारचा आकडा पुसला आणि एक लिहिला. दोन मिनिटांचे काम होते. तपासणाऱ्याच्या चौकटीत साहेबांची सही झाली. पण आखणाऱ्याच्या चौकटीत सही होती ती माझी.

फिरणारा शाफ्ट वाकलेला असला की त्याचा प्रत्येक कण अर्धा फेरा ताणला जातो आणि अर्धा फेरा दाबला जातो. मिनिटाला तीस फेरे. आठ तासांच्या पाळीत 14,400. सत्तर पाळ्या झाल्या की दहा लाख. तार हाताने एकदा वाकवली तर तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, हे पोरेही जाणतात. पोलादाचे तेच आहे. आणि जिथे कोपरा तीक्ष्ण तिथे ताण गोळा होतो. पूर अरुंद मोरीपाशी जसा उसळतो तसा तो उसळतो. गोलाई चारची एक केली की त्या कोपऱ्यातला ताण एकतृतीयांशाहून अधिक वाढतो. ऑगस्टमध्ये एका दुपारी शाफ्ट तुटला, साखळी बादल्यांसकट खाली आली, आणि खाली फावड्याने वाळू सारत असलेल्या भाऊंचा उजवा पाय गुडघ्याखाली चेचला गेला. ते तेव्हा बावीस वर्षांचे होते. पाय वाचला, पण घोटा कायमचा ताठ झाला. पुढे त्यांना गेटवर काम दिले.

तुटलेला शाफ्ट मी पाहिला. छेदाचा बराचसा भाग गुळगुळीत होता आणि त्यावर, भरती ओसरताना वाळूवर उमटतात तशा कमानीच्या रेघा होत्या. उरलेला भाग गुळाची ढेप फोडावी तसा खडबडीत. चौकशीत 'पोलाद सदोष' असा निष्कर्ष निघाला आणि माल पुरवणाऱ्याला खरमरीत पत्र गेले. मी गप्प बसलो. चार दिवसांनी हेडक्लार्ककडून किल्ली घेऊन ऑफिसातल्या 'टेक्निकल लायब्ररी'चे कपाट उघडले. लायब्ररी म्हणजे दोन फळ्या. त्यात पीटरसनचे 1953 सालचे पुस्तक होते, 'स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन डिझाइन फॅक्टर्स'. कोपरे, भोके आणि खाचा यांच्याशी ताण किती पटीने वाढतो, त्याचे आलेखच आलेख. मागच्या कार्डावर एकाही माणसाची सही नव्हती. माझ्या टेबलापासून ते कपाट बारा पावलांवर होते.

तो आलेख मी ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतला. नव्या शाफ्टला मी पुन्हा चारची गोलाई ठेवली आणि बेअरिंगच्या मागे आतून काठ उतरवलेली एक साधी रिंग घातली. किंमत काही रुपये. तो शाफ्ट मी नोकरीत असेपर्यंत तुटला नाही.

नात बराच वेळ बोलली नाही. मग तिने आपल्या नव्या पुस्तकांतले सगळ्यांत खालचे पुस्तक ओढून काढले. पीटरसनच! 2020 सालची चौथी आवृत्ती, आता दुसऱ्यांनी वाढवलेली. पायरीच्या शाफ्टचा आलेख तिने काढला आणि त्यावर माझा ट्रेसिंग पेपर ठेवला. मापे जुळणार नव्हतीच, पण रेघांचे वळण तेच होते. मग तिने संगणकावर तो शाफ्ट उभा केला. ताणाचे रंग उमटले : निळा, हिरवा, पिवळा, कोपऱ्याशी तांबडा. पूर्वीच्या लोकांनी यातले कित्येक आलेख पारदर्शक प्लास्टिकच्या नमुन्यांतून विशिष्ट प्रकाश पाठवून, दिसणाऱ्या रंगीत पट्ट्या मोजून काढले होते. तेव्हाही इंद्रधनुष्य आणि आताही इंद्रधनुष्य. चारला आकडा आला पावणेदोनच्या आसपास, एकला सव्वादोनच्या वर. "आता शून्य करून पाहा," मी म्हटले. शून्य केल्यावर एक चमत्कार झाला. हिशेबाची जाळी ती जसजशी बारीक करत गेली तसतसा आकडा वाढतच गेला, थांबेचना. "यावर विश्वास ठेवायचा नसतो," ती म्हणाली. "आमच्या पुस्तकात इशाराच दिलाय. अगदी तीक्ष्ण कोपऱ्याला उत्तर नसतं." मग म्हणाली की आता धातूची भुकटी थरावर थर वितळवून भाग छापतात, 'लीप' नावाच्या जेट-इंजिनात पूर्वी वीस तुकडे जोडून होणारी इंधनाची तोटी एकसंध छापली जाते, तिथे गोलाई द्यायला वेगळा खर्चच पडत नाही. तिला मला बरे वाटावे असे काहीतरी बोलायचे होते, हे मला कळत होते.

मग तिने कॉमेटची गोष्ट काढली. ती मला पाठ आहे. जगातले पहिले प्रवासी जेट विमान. 10 जानेवारी 1954 रोजी एल्बा बेटाजवळ एक फुटले, 35 माणसे गेली. 8 एप्रिलला दुसरे नेपल्सच्या दक्षिणेकडे, 21 गेली. मग फार्नबरोला एक अख्खे विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्यात दाब भरला, सोडला, भरला, सोडला. आधीची खरी उड्डाणे आणि टाकीतली खोटी मिळून 3,057 झाली तेव्हा खिडकीच्या कोपऱ्यातून कवच फाटले. लोक म्हणतात, प्रवाशांच्या चौकोनी खिडक्यांनी घात केला. पण समुद्रातून काढलेल्या तुकड्यांत भेग सुरू झाली होती ती छतावरच्या अँटेनाच्या झरोक्याशी, कोपऱ्यातल्या एका भोकापाशी. आणि हे ज्ञान तरी नवे कुठे होते? 1842 साली व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीचा आस तुटून पन्नासांहून अधिक माणसे मेली. पुढे प्रशियात ऑगस्ट व्होलरने गाडीचे आस वर्षानुवर्षे फिरवून फिरवून तोडले आणि त्याचे तक्ते केले. यंत्रशास्त्राच्या पुस्तकात नवे प्रकरण येते तेव्हा त्याच्या आधी पुष्कळदा कुठेतरी पांढऱ्या चादरी पसरलेल्या असतात. लेखक ते सांगत नाही. तो थेट सूत्र सांगतो.

"मग हा कागद?" नातीने विचारले. "पुस्तकात ठेवून द्यायचा, की काढून घ्यायचा?"

या प्रश्नाने माझी दोन रात्री झोप गेली. कागद काढून घेणे अगदी सोपे होते. पण दर पाडव्याला भाऊ कुणातरी नव्या पाहुण्याला आपल्या पायाची कथा सांगत, आणि ती नेहमी एकाच वाक्याने संपे : "लोखंडच हलकं निघालं, त्याला कोण काय करणार?" मग माझ्याकडे पाहून म्हणत, "विचारा साहेबांना." आणि मी मान हलवत असे. पंचेचाळीसहून अधिक वर्षे मी ती मान हलवली.

पाडव्याला आम्ही तिघे गेलो, गाडी नातीने चालवली. ओसरीवर घोंगडी अंथरली होती. भाऊंच्या नातवाने पुस्तके पाहून डोळेच मोठे केले, एन. डी. भट्टांचे ड्रॉइंगचे पुस्तक त्याला ओळखीचे निघाले, तेच त्यांना लावलेले आहे. फराळाची ताटे आली. मी तिमोशेंको उघडला, कागद बाहेर काढला आणि भाऊंना सगळे सांगितले. बेअरिंग, रबर, चारचा एक, कपाट, बारा पावले. मधे कुणी बोलले नाही. हिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की तशी ती आजवर कधी पाहिलेली मला आठवत नाही.

भाऊ पायावरून हात फिरवत बसले. त्यांची सून चहा घेऊन आली, ठेवून गेली. शेवटी ते म्हणाले, "म्हंजे लोखंड चांगलं व्हतं?"

"चांगलं होतं."

"आन् त्या मालवाल्याला उगाच पत्र गेलं?"

"गेलं."

ते पुन्हा गप्प झाले. अंगणात पोरांनी लवंगी लावली, तिच्या आवाजाने कोंबड्या पळाल्या. मग त्यांनी नातवाला जवळ बोलावले, कागद त्याच्या हातात दिला आणि मला विचारले, "साहेब, चार मिलिमीटर म्हंजे किती वो? आन् एक म्हंजे किती?"

मी सदऱ्याच्या खिशातली पट्टी काढली.